एक अद्भुत संख्या आणि अर्धवट तक्ता

सोलापुरातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक तक्ता पाहिला. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, असे करीत शेवटी १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. खाली लिहिले होते : 'गणितातील चमत्कार'. तक्ता सुबक होता; परंतु तो जेथे संपला तेथूनच खरे गणित सुरू होते.

या संख्यांना 'अद्भुत डेमलो संख्या' म्हणणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. आज आपण त्यांचा गौरव करतो. पण त्यांच्या संख्या नुसत्या भिंतीवर टांगणे हीसुद्धा एक प्रकारची उपेक्षाच होय.

चमत्काराचे कारण सोलापूरच्या मुलांना मागावरच दिसेल. नऊ उभे धागे आणि नऊ आडवे धागे घ्या. ते ८१ ठिकाणी एकमेकांना छेदतात. हे छेद तिरप्या ओळींनी मोजले, तर १, २, ३ … ९ … ३, २, १ असे येतात. गुणाकारात आपण हेच मोजतो. कोणतीही बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि आकृती शाबूत राहते.

आता दहा एक घ्या. मधली बेरीज १० होते, हातचा डावीकडे सरकतो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. सौंदर्य मोडले! तक्त्याने हेच लपवले होते. षोडशमान पद्धतीत मात्र हीच रचना पंधरा एकांपर्यंत टिकते. म्हणजे ही रचना संख्येची नसून आपल्या लेखनपद्धतीची आहे. याउलट ३⁴ × ३७² × ३३३६६७² हे तिचे मूळ अवयव कोणत्याही पद्धतीत लिहा, बदलत नाहीत.

कापरेकरांनीच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' म्हटले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१; आणि १११११११११ = ९ × १२३४५६७९ असल्याने तिला ८१ ने भाग जातो. पहिल्या नऊ डेमलो वर्गांपैकी १, १२३२१ आणि ही, अशा तीनच हर्षद आहेत. कारण n एकांच्या वर्गात अंकांची बेरीज n² असते. म्हणून त्या n एकांच्या संख्येला n ने भाग जायला हवा. वर्गात हे जरूर पडताळून पाहावे.

कापरेकरांच्या पद्धतीला मर्यादा होत्या. नाव देणे आणि याद्या करणे म्हणजे सिद्धता नव्हे. पण वही-पेन्सिल घेऊन बसलेल्या कोणासही प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी दाखवले. म्हणून शिक्षकांना आमची एकच विनंती : तक्त्यावर दहावी ओळ जरूर लिहा, आणि ती का बिघडली हे मुलांना शोधू द्या.