जर-तर ते जो-तो

प्रोग्रामिंगमध्ये रसग्रहण करण्यासारखं काय असतं, असं कुणी विचारलं की मी त्याच्यापुढे पाच ओळी ठेवतो. रस्ट या भाषेतल्या.

मॅच निकाल {
    यशस्वी(पावती) => दाखव(पावती),
    अपयशी(कारण) => सांग(कारण),
    प्रलंबित => थांब(),
}

प्रसंग रोजचा आहे. दुकानात मोबाइलवरून पैसे पाठवले. ते एकतर पोचले, नाहीतर फसले, नाहीतर पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय आणि तुम्ही नि दुकानदार दोघंही त्याच्याकडे बघत उभे आहात. ओळींमधली मराठी नावं या लेखापुरती घातलेली नाहीत. जून २०२१ मध्ये आलेल्या १.५३ आवृत्तीपासून रस्टमध्ये देवनागरी नावं खरोखर चालतात. ‘मॅच’सारखे शब्द मात्र भाषेचे स्वतःचे, ते रोमन लिपीतच लिहावे लागतात; इथे मी त्यांची फक्त लिपी बदलली आहे.

हेच काम जुन्या वळणाने कसं होतं ते आधी पाहू. एका खान्यात अवस्थेचा आकडा, दुसऱ्यात पावती, तिसऱ्यात कारण. जर आकडा १ असेल तर पावतीच्या खान्यात हात घाल. २ असेल तर कारणाच्या. यात दोन वेगळ्या क्रिया आहेत, आधी विचारणं आणि मग काढणं. त्या दोन्ही एकमेकींशी बांधलेल्या आहेत हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. न विचारताच पावतीच्या खान्यात हात घातला तरी कुणी अडवत नाही. फसलेल्या व्यवहाराची पावती मागितली की हाताला पोकळी लागते, आणि प्रोग्राम मध्यरात्री कोसळतो.

आता त्या पाच ओळी मोठ्याने वाचा. माझ्या कानाला त्या जर-तर वाटतच नाहीत. त्या अशा ऐकू येतात: जो यशस्वी झाला, त्याची पावती दाखव; जो फसला, त्याचं कारण सांग; जो अडकलाय, त्याच्यासाठी थांब. ही आपली जो-तो वाक्यं आहेत. ‘जो’ने ओळख करून द्यायची आणि ‘तो’ने त्याच्याविषयी बोलायचं, ही मराठीची जुनी रीत. ओळख न देता कुणी ‘तो आला’ म्हटलं की आपण लगेच विचारतो, तो कोण? या ओळींतही तेच घडतं. ‘पावती’ हे नाव बाणाच्या डावीकडे जन्माला येतं, उजवीकडे कामाला येतं आणि त्या शाखेबरोबरच संपतं. खालच्या ओळीत, कारण सांगताना, पावतीचा उल्लेख करून पाहा. कंपायलर, म्हणजे आपली भाषा यंत्रासाठी उतरवणारा प्रोग्राम, विचारतो, पावती कोण? विचारणं आणि काढणं इथे एकाच क्रियेत मिसळलंय. पावती जिथे असते, तिथूनच ती निघते. दुसरी वाटच नाही.

आणखी एक सौंदर्य चटकन नजरेत भरत नाही. ज्या ठिकाणी हा निकाल तयार झाला, तिथली ओळ अशी असते:

लेट निकाल = यशस्वी(पावती);

बांधताना जे लिहिलं, अक्षर न अक्षर तेच उलगडताना लिहायचं. बरोबर चिन्हाच्या उजवीकडे ‘यशस्वी(पावती)’ ही बांधणी असते. मॅचमध्ये बाणाच्या डावीकडे तीच उकल होते. घडीच्या खुणा पाहूनच घडी उलगडावी तसं. घडीत घडी असली तरी हरकत नाही. यशस्वी व्यवहाराच्या आत पावती, पावतीच्या आत रक्कम आणि वेळ. एकाच नमुन्यात, म्हणजे बाणाच्या डावीकडच्या एकाच उकलीत, थेट रकमेपर्यंत पोचता येतं आणि मधल्या टप्प्यांना नाव देण्याचीही गरज पडत नाही.

ही कल्पना रस्टने शोधलेली नाही. एडिनबरामध्ये १९७० च्या दशकात रॉबिन मिल्नर यांच्या भोवती एमएल ही भाषा घडली आणि त्याच गावात, त्याच परंपरेत होप नावाची भाषा आली. मूल्याच्या आकारावरून वाट ठरवण्याची ही शैली त्या घराण्याची. ओकॅमल ही भाषा त्याच घराण्यातली, आणि ग्रेडन होअर यांनी २००६ च्या सुमारास स्वतःच्या हौसेने रस्ट सुरू केली तेव्हा तिचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्येच लिहिला होता. १५ मे २०१५ ला रस्टची १.० आवृत्ती आली, तेव्हा माहेरचा हा दागिना तिच्या अंगावर होताच.

पण सासर वेगळं होतं. ओकॅमलमध्ये स्मृतीची साफसफाई करणारा कारभारी पार्श्वभूमीला असतो. कोणती वस्तू कुणाची, हा प्रश्न तिथे पडत नाही. रस्टमध्ये असा कारभारी नाही. प्रत्येक मूल्याला एकच मालक. त्यामुळे नमुना उलगडणं हा इथे मालकीचाही व्यवहार होतो. ‘यशस्वी(पावती)’ म्हणून पाकीट फोडलं की पावती तुमच्या हातात येते, आणि निकाल नावाचं ते पाकीट पुन्हा अखंड म्हणून वापरता येत नाही. नुसतं वाचून परत ठेवायचं असेल तर निकालाची उसनवारी घ्यायची. मग पावतीही उसनी मिळते. २०१८ पर्यंत हे उसनेपण नमुन्यातच खुणा घालून सांगावं लागे. १.२६ आवृत्तीपासून पाकीट उसनं असेल तर आतलं पत्रही उसनंच, हे भाषा स्वतः ओळखते.

आता या पाच ओळींतली शेवटची शाखा काढून टाका. ‘प्रलंबित’ विसरलात असं समजा. प्रोग्राम तयारच होत नाही. ई०००४ क्रमांकाची चूक येते, ‘निकाल’ या शब्दाखाली खुणा उमटतात आणि राहून गेलेल्या अवस्थेचं नाव लिहून येतं: प्रलंबित. काहीतरी राहिलंय एवढं म्हणून कंपायलर थांबत नाही, काय राहिलंय ते तो सांगतो. यामागची पद्धत ल्यूक मारांजे यांच्या २००७ च्या शोधनिबंधावर आधारलेली आहे. तिचा प्रश्न साधा आहे: वरच्या सगळ्या ओळींच्या हातून निसटेल असं एखादं मूल्य शिल्लक आहे का? असेल तर त्याचा नमुना दाखव.

या पद्धतीचा प्रामाणिकपणा एका बारीक जागी दिसतो. नमुन्याला अट जोडता येते: कारण तात्पुरतं असेल तरच ही शाखा. मग दुसरी शाखा लिहा, कारण तात्पुरतं नसेल तर. आपल्या दृष्टीने सगळं झाकलं गेलं, पण कंपायलर ते मानत नाही. अटीच्या आत काय चाललंय याची हमी त्याला देता येत नाही, म्हणून अट असलेली शाखा तो हिशेबातच धरत नाही. मूल्याच्या आकारावर तो विश्वास ठेवतो, आपल्या शब्दावर नाही.

याच जागी सी भाषेच्या ‘स्विच’ची आठवण येते. तो फक्त आकड्यांवर चालतो, एक शाखा संपली की ‘ब्रेक’ न लिहिल्यास घसरून पुढच्या शाखेत शिरतो, आणि एखादी अवस्था राहिली तरी भाषेचा नियम मोडत नाही. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेतलं ए टी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याच्या फोनचं जाळं सुमारे ९ तास कोलमडलं होतं. मुळाशी सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्राममधला एक ‘ब्रेक’ होता. तो जर-तरच्या आत होता, पण उडी मारून बाहेर पडला तो सगळ्या स्विचमधून. रस्टच्या मॅचमध्ये शाखा घसरत नाही, आणि ‘ब्रेक’चा मॅचशी संबंध नसतो, तो भोवतालच्या आवर्तनाचा. रस्टमध्ये चुका होत नाहीत असा याचा अर्थ नाही. ही एक चूक मात्र तिथे राहायला जागाच उरत नाही.

सगळ्यांत जास्त वापरला जाणारा नमुना याहून लहान आहे. ‘सम’ आणि ‘नन’: आहे आणि नाही. टोनी होअर (आडनाव तेच, माणूस दुसरा) यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत ‘नल’ आणला, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता. २००९ मध्ये त्यालाच त्यांनी स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. रस्टमध्ये ‘नसणं’ ही वेगळी अवस्था असते आणि ‘असलेलं’ हातात घ्यायला नमुन्याच्या दारातूनच यावं लागतं. या शिस्तीची किंमत किती? ‘कदाचित असलेला पत्ता’ स्मृतीत नुसत्या पत्त्याएवढीच जागा घेतो. खरा पत्ता कधी शून्य नसतो, म्हणून तो मोकळा शून्यच ‘नाही’ म्हणून वापरला जातो. यंत्राच्या पातळीवर तोच जुना नल. भाषेच्या पातळीवर त्याला ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कौतुक पुरे, उणीवही पाहू. नमुन्यात लिहिलेलं नाव ओळखीचं असेल तर तुलना होते. अनोळखी असेल तर ते नवं नाव ठरतं आणि समोर येईल ते गिळतं. रोमन लिपीत अवस्थांची नावं मोठ्या अक्षराने लिहायचा प्रघात आहे, म्हणून डोळ्याला फरक कळतो. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. तेव्हा ‘प्रलंबित’ लिहिताना वेलांटी चुकली, ‘प्रलंबीत’ झालं, तर ती ओळ प्रलंबितची उरत नाही. ती सगळ्यांची होते. न वापरलेल्या नावाबद्दल कंपायलर इशारा देतो, पण अडवत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची इतकी महाग चूक शाळेतही कुणी दाखवली नव्हती. अवस्थेचं नाव घराण्यासकट, म्हणजे ‘व्यवहार::प्रलंबित’ असं लिहायची सवय यासाठीच चांगली.

चुकून होणारं हे गिळणं मुद्दामही करता येतं. त्यासाठी एकच चिन्ह आहे, खालची रेघ. ‘_ => थांब()’ म्हणजे बाकी कुणीही असो, थांब. मराठीत जो आणि तो यांच्यातली वाक्यरचना काढून टाकली की ‘जो तो’ उरतो, आणि त्याचा अर्थ होतो सगळेच. रेघ तशीच आहे. कधी ती हवीच असते; हजार आकड्यांपैकी तिघांशीच काम असेल तर उरलेल्यांची यादी कोण लिहील?

पण ती रेघ मी आळसानेही ओढली आहे. एका कामात आधी तीनच अवस्था होत्या. पुढे चौथी जोडावी लागली: परत(रक्कम), म्हणजे पैसे ग्राहकाकडे माघारी गेले. अवस्थांच्या यादीत ते एक नाव घातलं आणि ठिकठिकाणी लाल खुणा उमटल्या. जिथे जिथे मी पूर्वी तीन जो-तो लिहिले होते, तिथे तिथे कंपायलर चौथ्याची चौकशी करत होता. एकेक करून उत्तरं दिली, खुणा संपल्या, काम पुढे गेलं. काही दिवसांनी तक्रार आली. पैसे माघारी मिळालेल्या माणसाला आपला पडदा अजून थांबायला सांगतोय. शोधत गेलो तर ती जागा निघाली जिथे प्रलंबितच्या ऐवजी मी रेघ ओढली होती. तिथे लाल खूण उमटली नव्हती. कंपायलरने चौथ्याची चौकशी तिथेही केलीच असती. पण ‘जो तो थांबेल’ हे उत्तर मी आधीच देऊन ठेवलं होतं.