नरसीबावांची भीती आणि ‘श्रींची इच्छा’

काही वर्षांपूर्वी भोर तालुक्यातल्या एका गावात शिवजयंतीला माझे व्याख्यान होते. विषय नेहमीचाच, स्वराज्याचा आरंभ. शेवटी मी रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना १६४५ साली लिहिलेल्या पत्राचा उल्लेख केला आणि ‘श्रींची इच्छा’ या शब्दांवर टाळ्या घेतल्या. सभा उठल्यावर एक वयस्क गृहस्थ मागे थांबले. त्यांचा मुलगा बरीच वर्षे अंथरुणाला खिळून होता, हे मला नंतर कळले. त्यांनी एवढेच विचारले, “सर, पत्र पोराला लिव्हलं. पर भ्याला व्हता तो म्हातारा. त्याचं भ्याव गेलं का मंग?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. इतकी वर्षे मी त्या पत्राचे शेवटचे वाक्य सांगत होतो. ते पत्र कोणासाठी लिहिले होते, इकडे माझे लक्ष गेले नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नानंतर केलेले पुनर्वाचन आहे.

आधी पत्राचा प्रसंग पाहू. शिवाजीराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे या वेळी त्यांचे वय पंधरा. दादाजी हे रोहिडखोरे आणि वेलवंडखोरे यांचे देशपांडे. मावळातल्या हालचालींची खबर विजापूर दरबाराला लागली होती आणि शिरवळच्या ठाण्यामार्फत दरबाराचा धाक दादाजींच्या घरापर्यंत पोचला होता. त्यांचे वडील, पत्रातले ‘बावा’, म्हणजे नरसीबावा, हवालदिल झाले. पातशाहीपुढे एका खोऱ्याच्या देशपांड्याची ताकद ती काय? वतन जाईल, कदाचित जीवही. व्यवहारी माणसाने घाबरावे, अशीच ती वेळ होती.

या भीतीला पत्र चार प्रकारे उत्तर देते. आपण शाहाशी बेमानगिरी करीत नाही, हा पहिला दिलासा. खोऱ्यातल्या डोंगरपठारावरच्या स्वयंभू रोहिरेश्वराने आजवर यश दिले आहे व पुढेही तोच मनोरथ पुरवील, हा दुसरा. देवापाशी जे इमान झाले ते वंशपरंपरा पाळू आणि वतन चालवू, हा तिसरा. आणि हे राज्य श्रींच्या मनात आहे, हा चौथा. त्यानंतर येते कामाची गोष्ट: बावांची खात्री पटवून तुम्ही या.

या मांडणीकडे पाहिले की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पत्रात ‘मन’ हा शब्द आहे. आपण त्याची ‘इच्छा’ केली आणि इच्छेचा पुढे जवळजवळ हुकूम केला. श्रींच्या मनात आहे म्हणणारा माणूस कोणतीही तारीख देत नाही. राज्याभिषेक झाला १६७४ साली, म्हणजे या पत्रानंतर एकोणतीस वर्षांनी. दुसरी गोष्ट अशी की, देवाचे मन सांगून झाल्यावरही पत्रलेखक बावांच्या मनाची काळजी सोडत नाही. घाबरलेल्या माणसाला तो भ्याड म्हणत नाही. त्याची समजूत घालण्याचे काम मुलावर सोपवतो.

या पत्राच्या अस्सलपणाबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे, हे व्याख्यानात मी कधी सांगत नसे. शंका रास्त आहे. वतनाचे आश्वासन ज्या कागदात आहे, तो वतनाच्या तंट्यात उपयोगी पडू शकतो. म्हणून असे कागद सावधपणेच वाचावे लागतात. पण घटकाभर धरून चालू की पत्र नंतरचे आहे. तरी एक प्रश्न उरतो. घराण्याचा मोठेपणा सांगणाऱ्या कागदात आपलाच वडीलधारा घाबरला होता, हे कोणी कशाला ठेवील? माझ्या मते, श्रद्धेची गोष्ट भीतीशिवाय सांगता येत नाही, हे त्या लिहिणाऱ्याला कळत होते. यावरून पत्र अस्सल ठरत नाही. त्यातली माणसाची समज मात्र खरी ठरते.

आता या खोऱ्याचाच पुढचा इतिहास पाहू. १६५९ साली अफझलखान आला, तेव्हा मावळच्या देशमुखांना विजापूरची फर्माने गेली. कारीचे कान्होजी जेधे मुलांसह राजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोन्ही गावे आजच्या भोर तालुक्यातली. डोंगर तेच, देव तेच, संकटही तेच. ‘श्रींची इच्छा’ दोघांनाही सारखीच उपलब्ध होती, निर्णय मात्र ज्याचा त्याला घ्यावा लागला.

वेल्ह्याकडे वळले की याच विश्वासाची दुसरी बाजू दिसते. १७०४ साली औरंगजेबाने राजगड घेतला आणि पाठोपाठ तोरणा. वयाची पंचाऐंशी वर्षे उलटलेल्या बादशहाने तोरण्याला नाव दिले ‘फुतूहुल्गैब’, म्हणजे दैवी विजय. त्याचाही देवावर भरवसा होता आणि त्या दिवशी निकालही त्याच्या बाजूने होता. तीन वर्षांत, १७०७ साली, तो अहमदनगरला वारला आणि त्याच वर्षी राजगड पुन्हा मराठ्यांकडे आला. मिळालेल्या विजयावरून देवाचे मन ओळखायचे म्हटले, तर १७०४ साली श्री कोणाच्या बाजूने होते? म्हणून निकालाला श्रद्धेचा पुरावा मानणारे वाचन मला टिकाऊ वाटत नाही.

या विवेचनाला सर्वांत अवघड जाणारे उदाहरण शंकराजी नारायण यांचे आहे. संभाजीराजांच्या वधानंतर, राजाराम महाराज जिंजीला असताना, ज्या मोजक्या माणसांनी हा मुलूख धरून ठेवला त्यांतले ते एक. पुढे त्यांना सचिवपद मिळाले आणि भोरचे पंतसचिव घराणे त्यांच्यापासून चालले. सगळे संपल्यासारखे दिसत असताना हा माणूस खचला नाही. खचला तो १७०७ मध्ये, दिवस पालटल्यावर. शाहू महाराज परतले. इकडे ताराबाईंशी इमान दिलेले. या पेचात त्यांनी आंबवडे येथे प्राणत्याग केला. नागेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. त्यांची श्रद्धा कमी पडली, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. शत्रूपुढे वाट पाहता येते, स्वतःच्याच दोन इमानांमध्ये ते कठीण असते, एवढे तिथे उभे राहिल्यावर कळते.

दादाजींच्या वेलवंडखोऱ्याचा बराच भाग आज भाटघर धरणाच्या पाण्याखाली आहे. हे धरण १९२८ साली पुरे झाले. कांबरे गावचे कांबरेश्वराचे जुने देऊळ वर्षातला बहुतेक काळ पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते आणि लोक गाळातून वाट काढत दर्शनाला जातात. देव आला, असे तिथे कोणी म्हणत नाही. पाणी उतरलं, असे म्हणतात. देव तिथेच होता, हे त्यांनी गृहीत धरलेले असते. पाणी कधी उतरेल याची हमी मात्र कोणी मागत नाही.

त्या गृहस्थांची पुन्हा गाठ पडली नाही. पडली तर सांगेन, की बावांची भीती गेली की नाही, हे पत्रात नाही. पत्रात एवढेच आहे की, ते घाबरलेले असताना कोणीतरी त्यांची विचारपूस केली आणि मुलाला त्यांच्यापाशी बसून समजावायला सांगितले. शिवजयंतीला मी ते पत्र अजूनही सांगतो. आता सुरुवात नरसीबावांपासून करतो.