सगळ्या स्प्रिंगा सारख्या नसतात

अतिवाहकता समजावताना गादी हमखास येते. एका इलेक्ट्रॉनने अणूंच्या जाळीत खळगा पाडला, दुसरा त्यात ओढला गेला, जोडी जमली. उपमा गोड आहे, पण तिच्यात सगळ्या स्प्रिंगा सारख्याच.

मॅग्नेशियम डायबोराइड बघा. २००१ साली कळलं, की ३९ केल्विनखाली त्याचा विद्युतरोध शून्य होतो. तिथे मुख्य काम करतात ती बोरॉनच्या सपाट थरातल्या थरात होणारी कंपनं. हलका बोरॉन घातला, तर हा आकडा साधारण १ केल्विनने चढतो; हलक्या मॅग्नेशियमने जेमतेम हलतो. दाब दिला, की ती कंपनं ताठरतात आणि आकडा उतरतो.

उपमेला माझी हरकत नाही. पण ‘नेमकी कुठली स्प्रिंग?’ हा प्रश्नच सुचू न देणारी उपमा मला अपुरी वाटते.