उंबऱ्यावरचा प्रश्न

आडुतुरैला एका घरी भजनाला बसलो होतो. हार्मोनियम, मृदंगम आणि जाल्रा, म्हणजे आपले टाळ. तेलुगू-तमिळ पदं झाली आणि ‘अबीर गुलाल’ सुरू झाला. जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात आपल्या कानांत बसलेला, चोखामेळ्याच्या नावावरचा हा अभंग. इथे ‘चोखा’चा ‘सोका’ झाला होता. मामींची वही तमिळ लिपीत होती आणि त्या लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. पण लय चढत गेली आणि शेवटी सगळं घर टाळ्या वाजवत होतं.

नंतर मामींनी मला अर्थ विचारला. म्हटलं, देवाच्या दारी रंग उधळला जातोय आणि ज्याला जातीमुळे आत प्रवेश नाही तो विचारतोय, उंबऱ्याला आम्ही शिवायचं तरी कसं? मामी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आम्ही तर हे आनंदाचं म्हणून गातो. चुकतं का?”

मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड ऐकताना हाच प्रश्न पुन्हा समोर येतो. गिटार आणि बासवर अभंग गायल्याने परंपरा बिघडते, हा आक्षेप मला पटत नाही. अभंगाने साज नेहमीच बदलला आहे. दिंडीतला वेगळा, मैफलीतला वेगळा. तंजावरात 1676च्या सुमारास व्यंकोजीराजांचं राज्य आलं. पुढे कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनाची जी पद्धत बांधली, तिच्यात अभंग इतर भाषांतल्या पदांशेजारी बसला. आडुतुरैजवळ गोविंदपुरमला आज विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे. गाणं टिकलं ते दुसऱ्यांनी आपल्या तालात घेतलं म्हणून.

माझी तक्रार वेगळी आहे. जोर वाढतो तसं धृपद सगळं गाणं व्यापून टाकतं. उत्सव धृपदात असतो, तक्रार कडव्यांत. गर्दी धृपदाची वाट पाहते आणि कडवी घाईने उरकली जातात. भजनात हे होतं, बँडच्या मंचावरही होतं. फरक इतकाच की आडुतुरैला शब्द कळत नव्हते. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना कळतात, आणि तरीही आपण त्यांच्यावरून उड्या मारतो.

बँडच्या हातात एक गोष्ट आहे जी भजनात जवळजवळ नसते: वाद्यं एकदम थांबवणं. ‘अभंग रिपोस्ट’ला मी दाद देतो ती वाद्यं मागे सरून शब्द एकटा उरतो त्या जागांसाठी. अशा जागा वाढायला हव्यात. उंबऱ्याचा प्रश्न येईल तेव्हा तरी ड्रम नको.

मामींना मी एवढंच म्हणालो, “चुकत नाही. उंबऱ्याचं कडवं फक्त सावकाश घ्या.” त्यांनी वहीत त्या कडव्याशेजारी तमिळमध्ये अर्थ लिहून घेतला.