नगरचा निवडणूक-खटला : वाणीवरील अंकुश आणि द्रव्याची मोकळीक

यशवंतराव गडाख विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील हा खटला सामान्यतः प्रचारातील वाक्संयमाचा धडा म्हणून वाचला जातो. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत नगर मतदारसंघातून काँग्रेसचे गडाख विजयी झाले आणि अपक्ष विखे पाटील पराभूत झाले. विखे पाटलांच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली. नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द करणारा तेवढा भाग कायम केला. शरद पवार यांचे नाव भ्रष्ट आचरणाखाली नोंदविणारा भाग मात्र रद्द केला. न्या. जे. एस. वर्मा यांच्या या निकालपत्राची कीर्ती त्यातील उपदेशपर परिच्छेदांवर उभी आहे. वरिष्ठ नेत्यांनी भाषणाची पातळी राखली तर ती खालपर्यंत झिरपेल, असा त्यांचा आशय. हा उपदेश योग्य असला, तरी निकालपत्राचे खरे महत्त्व तेथे नाही.

ते महत्त्व कळण्यासाठी दोषी ठरलेल्या भाषणांचा विषय पाहावा लागतो. प्रतिस्पर्धी पैसा ओतून मते मिळवू पाहत आहे, हा त्या भाषणांचा मुख्य रोख होता. म्हणजे निवडणुकीतील द्रव्याविषयी काढलेल्या उद्गारांसाठी ही निवड रद्द झाली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२३(४) प्रमाणे उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी असत्य विधान करणे, ते असत्य आहे हे ठाऊक असताना किंवा ते सत्य आहे असा विश्वास नसताना करणे, हे भ्रष्ट आचरण होय. न्यायालयाने हे कलम नेमकेपणाने लावले. त्याविषयी तक्रार करण्यास जागा नाही. परंतु ज्या निकालपत्रात हा कठोर न्याय आहे, त्याच निकालपत्रात न्यायालय खर्चमर्यादेकडे वळते आणि कबूल करते की, प्रचलित कायदा वास्तवाला पुरा पडत नाही : मर्यादा केवळ उमेदवाराने स्वतः केलेल्या वा मंजूर केलेल्या खर्चाला आहे, पक्षाने किंवा अन्य कोणी केलेला खर्च जाळ्याबाहेर सुखरूप राहतो. हे दोन परिच्छेद एकमेकांशी बोलत नाहीत, आणि निकालपत्राची मोठी उणीव हीच आहे. खर्चाविषयी असत्य बोलणाऱ्याची निवड जाते. खुद्द खर्चाला मात्र, तो दुसऱ्याच्या हाताने झाला असेल तर, कायदा विचारीत नाही.

हे जाळे सैल झाले ते अपघाताने नव्हे. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्च त्याच्याच खाती धरला होता. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि कलम ७७ ला जोडलेल्या स्पष्टीकरणाने तो निर्णय निष्प्रभ झाला. १९९१ मध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यात लोकसभेची खर्चमर्यादा दीड लाख रुपये होती. हा आकडा आणि सभांतून उच्चारले जाणारे आकडे शेजारीशेजारी ठेवले, म्हणजे ती मर्यादा लोक किती गांभीर्याने घेत असतील याची कल्पना येते. कॉमन कॉज खटल्यात १९९६ साली न्यायालयाने हिशेब न ठेवणाऱ्या पक्षांपुरते ते स्पष्टीकरण आवळले. २००३ च्या दुरुस्तीने त्याचे क्षेत्र मुख्यतः पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरते उरविले. तथापि विशिष्ट उमेदवाराचा उल्लेख न करणारा पक्षाचा सर्वसाधारण प्रचार कोणाही उमेदवाराच्या खाती पडत नाही.

याच ठिकाणी प्रक्षेपणाचा प्रश्न येतो, आणि नगरच्या खटल्याचा आजवर दुर्लक्षित राहिलेला एक पैलू दिसतो. विखे पाटील अपक्ष होते. आकाशवाणी व दूरदर्शन यांवर १९७७ पासून निवडणुकीच्या वेळी विनामूल्य वेळ दिला जातो, पण तो मान्यताप्राप्त पक्षांना, अपक्षास नाही. १९९१ साली खाजगी वाहिन्यांचा पर्यायही नव्हता. गडाखांच्या बाजूला पक्षाची प्रक्षेपित वाणी होती, प्रतिपक्षाला फक्त व्यासपीठ व ध्वनिक्षेपक. विखे पाटील साखर-सहकारातील मातब्बर होते, त्यामुळे ही विषमता त्यांच्याबाबतीत झाकली गेली. साधा अपक्ष घेतला की ती उघडी पडते.

पाथर्डी तालुका आज याच मतदारसंघात आहे. अवर्षणप्रवण मुलूख, विखुरलेल्या वाड्यावस्त्या, दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे. अशा तालुक्यात अपक्ष उमेदवाराची वाणी म्हणजे भाड्याची जीप, कर्णा आणि पत्रके. यांतील पै न् पै त्याच्या हिशेबात येते. त्याच वस्तीवरील दूरचित्रवाणी संचावर पक्षाची जाहिरात दिसते, ती मात्र स्थानिक उमेदवाराचे नाव न घेता त्याचे काम करून जाते. तारांकित नेता विमानाने येतो, त्याचा प्रवासही हिशेबाबाहेर. बाहेरगावी गेलेल्या मजुरांना मतदानासाठी आणण्याकरिता वाहन भाड्याने ठरविले, तर ते मात्र कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचरण!

२००४ साली जेमिनी टीव्ही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणनाची अट घालून वाहिन्यांचे दार उघडले. प्रमाणन मजकूर तपासते, पण एकाच पक्षाने किती वेळ विकत घ्यावा याला मर्यादा घालीत नाही. कलम ३९अ ने २००३ मध्ये वेळेच्या न्याय्य वाटपाची कल्पना मांडली, तीही मान्यताप्राप्त पक्षांपुरतीच. मजकुराची राखण आणि मापाची उपेक्षा ही प्रवृत्ती नगरच्या निकालपत्रात जशी दिसते, तशीच येथेही दिसते.

अमेरिकेची वाट याहून भिन्न आहे. बक्ली विरुद्ध व्हॅलिओ (१९७६) या निकालाने तेथे प्रचारखर्च हीच वाणी मानली गेली. सिटिझन्स युनायटेड (२०१०) हा खटला तर एका उमेदवारावरील चित्रपटाच्या प्रसारणावरूनच उद्भवला आणि त्यातून कंपन्यांच्या स्वतंत्र खर्चावरील बंधन गळून पडले. भारतीय विधिविचाराने हे समीकरण कधी उघडपणे स्वीकारले नाही. कंवरलाल गुप्ता निकालाची भूमिका त्याच्या उलट होती. पण स्पष्टीकरणे आणि अपवाद यांच्या आडवाटेने व्यवहार बराचसा त्याच मुक्कामी पोहोचला. अमेरिकन न्यायालयाने निदान आपले तत्त्व सांगितले आणि त्यावर वाद ओढवून घेतला. आपल्याकडे तत्त्व एक, खातेवही दुसरी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना मिळणाऱ्या पैशाची माहिती हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. या दृष्टीने नगरचे निकालपत्र पुन्हा वाचले, तर एक प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाविषयी बोलणाऱ्याकडून कायदा सत्याची अपेक्षा करतो. ती रास्त आहे. पण त्या सत्याचा पडताळा घेण्यासारखे कागद १९९१ च्या मतदारासमोर, किंवा सभेत बोलणाऱ्या वक्त्यासमोर, कोठे होते? न्या. वर्मा यांनी जाळ्यातील छिद्र दाखविले आणि ते बुजविण्याचे काम विधिमंडळावर सोपविले. आज लोकसभेची मर्यादा पंच्याण्णव लाख आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र आजही कमाल मर्यादा नाही.