सुधाकराचा आत्मघात : ‘एकच प्याला’च्या शेवटाविषयी

राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर महिनाभरातच, फेब्रुवारी १९१९मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. तेव्हापासून या नाटकाची चर्चा बव्हंशी दोन अंगांनी झाली आहे : मद्यपाननिषेध आणि सिंधूचे पातिव्रत्य. सुधाकराने अखेरीस दारूत विष मिसळून स्वतःचा अंत करून घेणे हे या चर्चेत केवळ दुराचाराचे फळ ठरते. हा अन्वयार्थ अपुरा वाटतो.

सुधाकर वकील आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडून त्याची सनद स्थगित होते आणि त्या मानभंगातूनच पहिला प्याला त्याच्या हाती येतो. म्हणजे त्याच्या अधःपाताचा आरंभ व्यसनात नसून, दुसऱ्याने केलेला न्याय सोसू न शकणाऱ्या अहंतेत आहे. मध्यंतरी तो दारू सोडतोही. परंतु उपजीविकेच्या शोधात पदरी अवहेलना येताच पुन्हा प्याल्याकडे वळतो.

शेवटी मूल त्याच्या हातून मरते, सिंधू प्राणांतिक जखमी होते. आणि तीच पोलिसांपुढे खोटे सांगून त्याला वाचवते. कायद्याच्या शिक्षेची वाट बंद होताच आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका सुधाकराकडे येतात. आत्मघात हा त्याने स्वतःविरुद्ध दिलेला निकाल होय. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे मराठी प्रेक्षकाला परिचित झालेल्या ऑथेल्लोचा अंतही याच जातीचा आहे : तोही स्वतःस दंड देतो.

मात्र येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. सिंधूने मरता मरता जे राखले, ते त्याचे जीवितच होते. तो निकाल न्याय्य मानला, तर तिचे अखेरचे दान व्यर्थ ठरते. पत्नीमागोमाग जाणारा पती हे सहगमनाचे उलटे रूप म्हणून भावनेला भिडते खरे. पण त्यातही तिच्या इच्छेला स्थान नाही. जिवंत राहून अपराधाचे ओझे वाहणे हे अधिक कठीण प्रायश्चित्त होते. ते सुधाकराला पेलत नाही.

म्हणूनच हा शेवट प्रायश्चित्ताचा आणि त्याच अहंतेच्या अखेरच्या आविष्काराचाही आहे. विषासाठी त्याने प्यालाच निवडावा, यात ही संदिग्धता साकार होते. प्रमादाची जाणीव होऊनही स्वभाव न सुटणे, हेच या नाटकाचे शोकात्म सत्त्व आहे. केवळ बोधनाट्य म्हणून त्याचे वाचन केल्यास नेमके तेच हातचे निसटते.