पंचमाशेजारची घरघर

पांढरी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची. तिची कंपने सेकंदाला ९८च्या आसपास. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. ती रेकॉर्डिंगमध्ये शिरली की तिच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा सूर बहुतेकदा जास्त ठळक ऐकू येतो. पंचमाला खेटून बसलेला, पण पंचम नसलेला हा सूर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साधारण दोन आंदोलने पडतात आणि नीट जुळवलेला तंबोराच बेसूर वाटू लागतो. घरी अभंग, गवळण किंवा कवितावाचन रेकॉर्ड करणाऱ्याची पहिली लढाई या आगंतुक सुराशी असते. त्या लढाईसाठी माणसाने केलेल्या रचनांमध्ये बॅलन्स्ड केबलइतकी देखणी रचना क्वचितच सापडेल. तिचा आस्वाद घ्यायचा तर ती सोलूनच पाहावी लागते.

पिंपळगाव बसवंतसारख्या गावात तर ती सोलून पाहायला भरपूर कारणे आहेत. कांदा-टोमॅटोची मोठी बाजार समिती आणि चहूकडे द्राक्षबागा. म्हणजे मळ्यात पाण्याच्या मोटरी, शीतगृहात कॉम्प्रेसर, घरात इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर. स्टार्टर दाबला की लाईनवर धक्का बसतो. रेग्युलेटर मध्यावर ठेवला की बारीक करकर सुरू होते. भिंतीतल्या वायरिंगभोवतीचे विद्युतक्षेत्र तर चोवीस तास हजर. अशा घरात मागच्या खोलीत गादी लावून, खिडकीला रजई टांगून कोणी गायला बसले, तर बाहेरचा ट्रॅक्टर रजई अडवील, वीज अडवणार नाही. ती हवेतून येते आणि केबलमधून आत शिरते.

आधी साधी, म्हणजे अनबॅलन्स्ड केबल पाहू. गिटारची, कीबोर्डची, किंवा टीव्हीमागे लागणारी लाल-पांढऱ्या टोकांची. आत एकच तार, तिच्याभोवती तांब्याची जाळी. तार सिग्नल नेते, जाळी तो परत आणते आणि बाहेरचा उपद्रव अडवण्याचे कामही तीच करते. इथेच गोची आहे. जाळीत जो काही उपरा प्रवाह वाहील, तो सिग्नलच्या परतीच्या वाटेवरच वाहणार. घेणाऱ्या टोकाला गाणे कुठले आणि घरघर कुठली हे ओळखण्याचा काही मार्ग उरत नाही. दोन्ही एकाच ताटात वाढून येतात.

आता माईकची, म्हणजे बॅलन्स्ड केबल. वरचे काळे आवरण कापले की तीच जाळी दिसते, पण तिच्या पोटात दोन तारा आहेत आणि त्या एकमेकींना पीळ घालून बसल्या आहेत. मधे भरणीला सुताचे धागे. हा पीळ म्हणजे या रचनेची पहिली खुबी. उपद्रवाचा उगम एका बाजूला असला तर जवळच्या तारेला जास्त आणि लांबच्या तारेला कमी त्रास होणार. पिळामुळे दर थोड्या अंतरावर जवळची तार लांब जाते, लांबची जवळ येते. पूर्ण लांबीचा हिशेब केला तर दोघींच्या वाट्याला जवळजवळ सारखाच त्रास आलेला असतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली आहे. तारायंत्राचे काम एका तारेवर भागत असे, परतीची वाट जमिनीतून. टेलिफोनही आधी तसाच चालला, पण शेजारच्या तारांची आणि विजेच्या लाईनची खरखर त्यात भरू लागली. १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पिळाच्या जोडतारेचे पेटंट घेतले. आपल्या खोलीतली माईकची केबल त्याच घराण्यातली.

दुसरी खुबी घेणाऱ्या टोकाला आहे. एका तारेवर सिग्नल सुलटा जातो, दुसरीवर तोच उलटा. वाटेत दोन्हींवर सारखीच घरघर चढते. माईकचा सिग्नल संगणकात नेणाऱ्या ऑडिओ इंटरफेसचे इनपुट या दोघींची बेरीज न करता वजाबाकी करते. सुलट्यातून उलटा वजा केला की गाणे दुप्पट होते; घरघरीतून तीच घरघर वजा केली की शून्य उरते. शाळकरी बीजगणित, पण त्याची मोहिनी अशी की बहुतेक जण इथेच थांबतात आणि उलट्या सिग्नललाच सगळे श्रेय देतात.

वजाबाकीची ही ओळ पुन्हा वाचली की अर्थ बदलतो. उलटा सिग्नल काढून टाका. दुसऱ्या तारेवर काहीच पाठवू नका. पाठवणाऱ्या टोकाला पहिल्या तारेचा जो अंतर्गत रोध आहे, तेवढ्याच रोधाने दुसरी तार जमिनीला जोडा. घरघर तरीही दोन्हींवर सारखीच चढेल आणि वजाबाकीत तशीच खोडली जाईल. गाणे दुप्पट होणार नाही, एवढाच फरक. कित्येक इंटरफेसची आणि कंडेन्सर माईकची आउटपुट अशीच बनवलेली असतात आणि ती पूर्णपणे बॅलन्स्डच असतात. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्स कंपनीचे बिल व्हिटलॉक हाच मुद्दा वर्षानुवर्षे मांडत आले: बॅलन्स आहे तो इम्पिडन्सचा, म्हणजे या रोधाचा, सिग्नलचा नव्हे. या केबलचा खरा गुण इथे आहे. तिने दोन्ही तारांना बाहेरच्या जगासमोर सारखे उघडे ठेवले. त्रास टाळण्याऐवजी तो समसमान वाटून घेतला, म्हणून तो ओळखता आला आणि वजा करता आला.

याच समतेवर फँटम पॉवर उभी आहे. कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची वीज वेगळ्या तारेने जात नाही. दोन्ही तारांवर ६.८ किलोओहमच्या सारख्या रेझिस्टरमधून ती चढते आणि जाळीतून परतते. दोन्ही तारांवर सारखाच दाब असल्यामुळे वजाबाकीत ती दिसतच नाही. माईक बनवणाऱ्या नॉयमन कंपनीने ही पद्धत १९६६ साली नॉर्वेच्या रेडिओसाठी आणली. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून आकडा ४८. हे दोन रेझिस्टर ०.४ टक्क्याच्या आत जुळले पाहिजेत असे मानक सांगते. समता ढळली की घरघर परत आलीच.

टोकाचा एक्सएलआर जॅकही निरखण्यासारखा. तीन पिना: एक जाळीची, दोन सुलट तारेची, तीन उलट तारेची. फिमेल जॅकच्या तोंडात नीट पाहिले तर पहिल्या पिनेचा संपर्क किंचित पुढे आलेला असतो. जोडताना आधी जमीन जुळते, मग सिग्नल. काढताना आधी सिग्नल सुटतो, मग जमीन. लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीच्या या जॅकवर जगभरचे माईक चालतात.

हे सगळे कशासाठी, तर माईकमधून निघणारा सिग्नल फार नाजूक असतो म्हणून. डायनॅमिक माईकसमोर मोकळ्या गळ्याने गायले तरी हाती दोन-चार मिलिव्होल्ट येतात. इंटरफेसवर ६० डेसिबलचा गेन दिला की त्याचे हजारपट होते, आणि सोबत शिरलेल्या घरघरीचेही हजारपट होते. इथे बॅलन्स्ड केबलला पर्याय नाही.

पण स्तुती करताना तिच्या मर्यादा झाकू नयेत. बॅलन्स हा साखळीचा गुण आहे. तीन संपर्कांची टीआरएस केबल अनबॅलन्स्ड कीबोर्डला लावली म्हणून कीबोर्ड बॅलन्स्ड होत नाही. उपकरणाच्या आत पहिली पिन धातूच्या खोक्याला न जोडता सर्किटच्या जमिनीला जोडली असेल, तर उत्तम केबलमधूनही घरघर आत जाते. नील मन्सी यांनी १९९५ साली या दोषाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले. आणि साध्या केबललाही तिचे मानाचे पान आहे. कीबोर्डपासून इंटरफेसपर्यंतचे दोन-तीन मीटर ती बिनतक्रार पार पाडते. गिटारचे अंतर वाढले तर मधे डीआय बॉक्स ठेवावा. तो गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड करून पुढे धाडतो.

राहता राहिली जमीन. लॅपटॉप एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, अशी मांडणी असली की अर्थिंगचे वर्तुळ तयार होते आणि विजेचा हा पाहुणा त्यातून फिरत राहतो. यावर चार्जरची तिसरी पिन कापून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो पाळू नये. त्याने घरघर गेली तरी उपकरणाच्या धातूच्या अंगावर वीज उतरण्याचा धोका मागे उरतो. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत. उन्हाळ्यात कोळसा-मिठाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे, तेही आवाजासाठी नव्हे, जिवासाठी. केबल घेताना माईक आणि स्पीकरसाठी बॅलन्स्ड घ्यावी, कीबोर्डसाठी साधी पण आखूड घ्यावी, आणि उरलेले पैसे सोन्याचा मुलामा दिलेल्या जॅकवर न घालवता चांगल्या माईकसाठी ठेवावेत.